साडेचार फुटांचा हौदा: फोर्ड मॅव्हरिक खरंच कामाची आहे का?

१९६९ च्या एप्रिलमध्ये फोर्डने मॅव्हरिक नावाची साधी, दोन दारांची गाडी १,९९५ डॉलरला आणली होती. २०२१ च्या जूनमध्ये त्याच नावाचा छोटा पिकअप जाहीर झाला, तो १९,९९५ डॉलरला. मधला जादा ९ मुद्दाम घातला की आपसूक आला ते सोडा, पण आकड्याने काम केलं. गाडी कारखान्यातून डीलरकडे पोहोचवण्याचे १,४९५ डॉलर वेगळे होते, तरी एवढ्या पैशांत हायब्रिड (पेट्रोल आणि विजेची मोटर मिळून चालणारं) इंजिन, चार दारं आणि सामान टाकायला हौदा हे अमेरिकेत दुसरं कुणी देत नव्हतं. २०२२ च्या जानेवारीत हायब्रिडची बुकिंग बंद करावी लागली. २०२३ च्या मॉडेलची बुकिंग सप्टेंबर २०२२ मध्ये उघडली आणि आठवड्याभरात भरली.

अमेरिकन कंपन्या लोकांना लागतात तशा गाड्या बनवतात की स्वतःला परवडतात तशा, हा तिथला जुना वाद. फोर्डने एप्रिल २०१८ मध्ये सांगून टाकलं की उत्तर अमेरिकेत मस्टँग सोडून बाकी बैठ्या गाड्या जवळपास सगळ्या बंद. फोकस, फिएस्टा, टॉरस, फ्युजन एकामागून एक गेल्या. जनरल मोटर्सची क्रूझ २०१९ मध्ये गेली आणि शेवटी उरलेली मलिबू नोव्हेंबर २०२४ मध्ये. म्हणजे ज्या कंपनीने स्वस्त गाडीचं दुकान मिटवलं, तिनेच तीन वर्षांनी मॅव्हरिक आणली. वादाचा निकाल लावायला हीच गाडी बरी.

सुरुवात हौद्यापासून, कारण पिकअप घ्यायचं कारण तेच. तळाची लांबी ५४ इंचांच्या थोडी वर, म्हणजे साडेचार फूट. चाकांवरच्या दोन उंचवट्यांमधली रुंदी ४२.६ इंच. प्लायवूडची शीट ४ बाय ८ फुटांची, म्हणजे ४८ इंच रुंद. ती तळावर सपाट बसत नाही हे उघड आहे, आणि इथेच गाडी आखणाऱ्याने डोकं चालवलंय. मागचा फाळका पूर्ण उघडतो तसा अर्ध्यावरही थांबतो, आणि अर्ध्यावर थांबल्यावर त्याची वरची कड नेमकी चाकांवरच्या उंचवट्यांच्या पातळीत येते. शीट पुढे उंचवट्यांवर, मागे फाळक्यावर. झोल पडत नाही, फाळक्याच्या कडेवर शीट वाकत नाही, आणि खाली हत्यारांच्या पेटीला जागा राहते. पाऊण इंची प्लायवूडची शीट ६० ते ७० पौंड भरते. अशा डझनभर शीट वजनात सहज बसतात, फक्त पट्टे दोन हवेत: एक पुढे आडवा, दुसरा मागच्या कडेवरून खाली खेचलेला. एकाच पट्ट्यावर भरवसा ठेवला तर हायवेवर पुढून वारा शिरतो आणि वरची शीट पतंगासारखी उचलली जाते.

फाळका पूर्ण पाडला की तळ साधारण ६ फूट होतो. आठ फुटी फळी २ फूट बाहेर राहते, तेवढं चालतं. बारा फुटी फळी मात्र सहा फूट बाहेर. बहुतेक राज्यांत ४ फुटांच्या पुढे माल बाहेर आला की लाल फडकं लागतं, आणि फडकं लावलं तरी अर्धी फळी हवेत हा धंदा शहाणपणाचा नाही. बारा फुटी लाकूड नेहमी लागत असेल तर ही गाडी तुमची नव्हे.

हौद्याच्या बाजूंच्या पत्र्यात खाचा दाबून काढल्या आहेत. त्यात दोन बाय चार इंची फळी उभी घातली की हौद्याचे कप्पे होतात, दोन बाय सहा इंची आडव्या टाकल्या की वरचा मजला. चार-पाच डॉलरच्या लाकडात जे होतं, त्यासाठी इतर कंपन्या शेकडो डॉलरची ॲक्सेसरी विकतात. बाजूंना आटे पाडलेली भोकं आहेत, स्वतःचं काही बोल्टने बसवायला. मागच्या कोपऱ्यांत १२ व्होल्टच्या, २० अँपियरच्या दोन वायरी आधीच ओढून ठेवल्या आहेत. हौद्यात दिवा, छोटा पंप किंवा एअर कंप्रेसर लावायचा तर बॅटरीपासून वायर ओढत आणायची गरज नाही. एका वायरीवर २४० वॉट हा हिशेब मात्र डोक्यात ठेवा. मोठा इन्व्हर्टर जोडला की फ्यूज गेलाच म्हणून समजा. हौद्यात एक क्यूआर कोड चिकटवलेला असतो, तो फोनवर उघडला की अशा घरगुती कामांचे व्हिडिओ येतात. आत पुढच्या सीटांमधल्या कन्सोलच्या मागे एक खाच ठेवली आहे आणि तिची मापं फोर्डने खुली केली आहेत. कप होल्डर, हूक, कचऱ्याचा डबा, हवं ते थ्रीडी प्रिंटरवर काढून बसवा. गाडी विकून झाल्यावरही गिऱ्हाइकाकडून पैसे काढत राहायच्या जमान्यात हे दुर्मीळ आहे.

अजून एक गोष्ट कागदावर दिसत नाही. जमिनीवर उभं राहून हौद्याच्या बाजूवरून हात घातला तर तळापर्यंत पोहोचतो. आजच्या एफ-१५० मध्ये, म्हणजे फोर्डच्या मोठ्या पिकअपमध्ये, सरासरी उंचीच्या माणसाला ते जमत नाही. पुढे सरकलेली गोणी काढायला आत चढावं लागतं, म्हणून मग फाळक्यात पायरी विकतात. आधी उंची वाढवायची आणि मग शिडी विकायची, असा हा व्यापार! उंचीचा दुसरा भाग गमतीचा नाही. आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये मांडलं, की बॉनेट ४० इंचांहून उंच असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त असते.

आता वजन. इथे लोक हमखास फसतात. जाहिरातीत पेलोड १,५०० पौंड. पेलोड म्हणजे नुसता माल नव्हे. चालवणारा, शेजारी बसलेला, मागचं कुत्रं, हौद्यावर बसवलेलं झाकण, ट्रेलरच्या दांडीचा गाडीवर येणारा भार, सगळं त्यातच. दोन मोठी माणसं ३६० पौंड धरली तर मालाला उरले १,१४०. काँक्रीटची गोणी ८० पौंडांची, म्हणजे चौदा गोण्या. दुकानात अठराचा हिशेब करून गेलात तर चार गोण्या जास्त. तुमच्या गाडीचा नेमका आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर असतो. सनरूफ, मोठी चाकं, ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ओढ) घेतलं की तो खाली येतो. तोच खरा आकडा, माहितीपत्रकातला नव्हे.

खडीचा प्रकार आणखी फसवा, कारण ती जागा थोडी घेते. हौद्यात ३३ घनफूट माल मावतो, म्हणजे एका घनयार्डाहून (२७ घनफुटांहून) जास्त. पण खडीचा एक घनयार्ड २,७०० पौंडांच्या आसपास भरतो. अर्धा यार्ड टाकला आणि एकटा माणूस बसला तरी मर्यादा ओलांडली. लोडरवाल्याला एक तृतीयांश यार्ड सांगा, आणि तो बकेट डोळ्यांनी मोजतो हे गृहीत धरा. माल कॅबिनला टेकवून, पुढे भरा. साधी हायब्रिड मॅव्हरिक पुढच्या चाकांवर ओढते. मागच्या एक्सलच्या पलीकडे वजन पडलं की मागचा भाग बसतो, पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या चढावर जागच्या जागी फिरू लागतात. लोक त्याला टायरचा दोष समजतात. झाडांच्या मुळाशी टाकायचा मल्च हलका, तो पूर्ण यार्ड बिनधास्त न्या.

इंजिन २.५ लिटरचं, ॲटकिन्सन या इंधन वाचवणाऱ्या चक्रावर चालणारं. मोटर धरून ताकद १९१ हॉर्सपॉवर. गिअरबॉक्सला ई-सीव्हीटी म्हणतात. साधा सीव्हीटी म्हणजे पट्ट्यावर चालणारा, पायऱ्या नसलेला गिअरबॉक्स, म्हणून कित्येकांना यातही रबरी किंवा पोलादी पट्टा असेल असं वाटतं. पट्टा नाही. प्लॅनेटरी गिअर (मधल्या चाकाभोवती फिरणारी दातेरी चाकं) आणि दोन मोटरींचा जुना, परीक्षेत उतरलेला मेळ आहे, मिशिगनमधल्या स्टर्लिंग हाइट्सच्या कारखान्यात बनलेला. सीव्हीटीच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांनी एवढं समजून घ्यावं. पहिल्या हायब्रिडचे सरकारी आकडे शहरात ४२, हायवेला ३३, एकूण ३७ मैल प्रति गॅलन. टाकी १३.८ गॅलनची, म्हणजे एका भरण्यात पाचशे मैल. वर्षाला १५,००० मैल धरले तर ४०५ गॅलन लागतात. एकूण २१ मैल देणाऱ्या २.७ लिटरच्या एफ-१५० ला ७१४. फरक तीनशे गॅलनांचा, दरवर्षी. लक्षात घ्या, ही गाडी हायवेपेक्षा शहरात जास्त मैल देते. रोज सत्तर मैल वेगाने हायवेच कापायचा असेल, किंवा कडाक्याच्या थंडीत आतला हीटर चालवायला इंजिन सतत चालू राहत असेल, तर ४२ चा आकडा विसरा. लांब चढावर इंजिन चढ्या आवाजात एकाच सुरात ओरडतं, ते बिघाडाचं लक्षण नाही.

दुसरा पर्याय २.० लिटर टर्बोचा, २५० हॉर्सपॉवर, आठ गिअर. मैल २५-२६ वर येतात. तो घ्यायला एकच पटणारं कारण होतं: ट्रेलर. साधी ओढण्याची मर्यादा २,००० पौंड. ५ बाय ८ फुटांचा उघडा ट्रेलर रिकामाच ५०० ते ८०० पौंडांचा, म्हणजे मालाला बाराशे ते पंधराशे उरतात. ४,००० पौंड ओढण्याचं टो पॅकेज घेतलं की नुसता हूक मिळत नाही, गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर आणि रेडिएटरचा जोरदार पंखाही येतो. हे भाग गाडी बनतानाच बसवावे लागतात. बाहेरून हूक लावून घेतलेली जुनी गाडी ‘चार हजारी’ म्हणून विकणारे भेटतात. तेल तापून गिअरबॉक्स जातो तो अशाच गाड्यांचा. २०२५ पासून हायब्रिडलाही ऑल व्हील ड्राइव्ह आणि त्यासोबत हे पॅकेज मिळू लागलं, त्यामुळे टर्बो घ्यायचं कारण जवळजवळ उरलं नाही.

दोषांची यादी छोटी नाही. २.५ लिटर हायब्रिड इंजिन फुटलं तर सांडलेलं तेल आणि इंधनाची वाफ गरम भागांवर जाऊन पेट घेऊ शकते, म्हणून जुलै २०२२ मध्ये याच इंजिनाच्या एस्केप, कॉर्सेअर आणि मॅव्हरिक मिळून लाखभर गाड्या परत बोलावल्या. पहिला उपाय ऐकण्यासारखा होता: इंजिनखालच्या आवरणाला भोकं पाडायची आणि पुढच्या जाळीतल्या काही झडपा काढायच्या, म्हणजे वाफ साचणार नाही. आग का लागते ते तसंच राहिलं, फक्त धुराला वाट करून दिली. २०२३ मध्ये त्याच कारणासाठी पुन्हा रिकॉल काढावं लागलं, यात नवल नाही. दुसरं दुखणं १२ व्होल्टच्या साध्या बॅटरीचं. ती कमजोर झाल्याचं गाडीच्या संगणकाला कळत नाही आणि गाडी चालता चालता बंद पडू शकते. एप्रिल २०२४ मध्ये ब्रॉन्को स्पोर्ट आणि मॅव्हरिक मिळून साडेचार लाखांहून अधिक गाड्यांचं सॉफ्टवेअर यासाठी बदलायला घेतलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये बॅटरीतल्याच दोषासाठी आणखी एक रिकॉल आलं. जुनी २०२२-२३ ची गाडी घेताना एनएचटीएसए या सरकारी वाहन सुरक्षा संस्थेच्या साइटवर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून ही सगळी कामं झालीत का ते बघा. ‘रिकॉल क्लिअर आहे’ हा डीलरचा शब्द पुरेसा नाही.

२०२२ च्या सर्वांत स्वस्त एक्सएलमध्ये क्रूझ कंट्रोलही नव्हता. बटणं आणून बसवली आणि लॅपटॉपवरून सेटिंग बदललं की तो चालू होतो, हे मालकांनीच शोधून काढलं. म्हणजे खर्च वाचवला तो जेमतेम बटणांचा.

किमतीची गोष्ट जास्त बोचते. पहिल्याच वर्षी डीलरांनी काचेवर ‘मार्केट ॲडजस्टमेंट’ची चिठ्ठी लावून हजारो डॉलर वर घेतले. २०२४ च्या मॉडेलला फोर्डने टर्बो हे मूळ इंजिन केलं आणि ज्यासाठी लोक रांगेत होते त्या हायब्रिडला १,५०० डॉलर जादा लावले. २०२५ मध्ये हायब्रिड पुन्हा मूळ इंजिन झालं, पण सुरुवातच २६ हजारांच्या वर, पोहोचवण्याचा खर्च वेगळा. नुसती महागाई धरली तर १९,९९५ चे २०२४ अखेर २३ हजारांच्या आसपास होतात. वरचे पैसे कंपनीच्या मर्जीचे. गाडी मेक्सिकोतल्या एर्मोसिल्योला बनते, त्यामुळे २०२५ च्या आयात शुल्कानंतर मे महिन्यात किंमत आणखी चढली. तरीही २०२४ मध्ये १ लाख ३१ हजारांहून अधिक मॅव्हरिक खपल्या. ‘लोकांना छोटी गाडी नकोच आहे’ हे डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांचं ठरलेलं उत्तर या आकड्यापुढे टिकत नाही.

मग दुसरं कुणी अशी गाडी का आणत नाही? एक कारण कोंबडीत आहे. युरोपाने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला, त्याला उत्तर म्हणून अमेरिकेने १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के कर बसवला. कोंबडीचं भांडण केव्हाच विस्मरणात गेलं, कर राहिला. जगभर चालणारे छोटे पिकअप त्यामुळे तिथे परवडतच नाहीत. दुसरं कारण इंधनाच्या नियमात. गाडीने किती मैल दिले पाहिजेत हे तिच्या पायाच्या क्षेत्रफळावर ठरतं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर गुणिले डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. गाडी जितकी मोठी, तितकं लक्ष्य सोपं. छोट्या ट्रकला कडक आकडा गाठायचा तर हायब्रिडच लागतं; साधं इंजिन टाकून गाडी ताणून मोठी करणं स्वस्त पडतं. जुलै २०२५ च्या कायद्याने हा नियम मोडल्याचा दंड शून्यावर आणला, तेव्हा नियमाचं कारण आता कुणी सांगू नये.

मॅव्हरिक फक्त चार दारांत आणि साडेचार फुटांच्या हौद्यात मिळते. २०११ मध्ये सेंट पॉलचा कारखाना बंद करून फोर्डने जी जुनी रेंजर थांबवली, ती दोन दारांत आणि ६ किंवा ७ फुटांच्या हौद्यात मिळायची. २०२४ च्या नव्या रेंजरलाही हौदा ५ फुटांचाच. घर दुरुस्त करणाऱ्या, बागकाम करणाऱ्या, सायकली नेणाऱ्या कुटुंबाला मॅव्हरिक चपखल. सुताराला, प्लंबरला नाही.

त्यांच्यासाठी फोर्डकडे ट्रान्झिट कनेक्ट ही छोटी बंद व्हॅन होती, आधी तुर्कस्तानहून आणि मग स्पेनहून येणारी. कोंबडीचा कर चुकवायला ती मागच्या सीटा आणि काचा लावून प्रवासी गाडी म्हणून बोटीतून उतरवायची आणि बाल्टिमोरला सीटा काढून मालवाहू करायची, असा उद्योग फोर्डने वर्षानुवर्षं केला. २०१९ मध्ये न्यायालयात हरले, २०२४ मध्ये ३६ कोटी ५० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. व्हॅन २०२३ नंतर अमेरिकेत बंद. निसानची एनव्ही २०० आणि रॅमची प्रोमास्टर सिटी त्याआधीच गेल्या होत्या. आज फुलवाल्याला किंवा कुलपं दुरुस्त करणाऱ्याला नवी छोटी व्हॅन तिथे विकतच मिळत नाही. मोठी ट्रान्झिट घ्या नाहीतर जुनी चालवत बसा. म्हणूनच लोक २५ वर्षं जुने जपानी केई (छोट्या वर्गातले) ट्रक मागवतात: सुझुकी कॅरी, होंडा ॲक्टी, सुबारू सांबार. ६६० सीसी, लांबी साडेतीन मीटरही नाही, आणि हौदा सहा फुटांच्या वर. उजवीकडचं स्टिअरिंग, अनेकांत एअरबॅग नाही, काही राज्यं नोंदणी नाकारतात, तरी मागवतात.

चारपेक्षा जास्त माणसं आणि कधीमधी प्लायवूड अशी गरज असेल तर पिकअपचा नाद सोडून क्रायस्लर पॅसिफिका ही मिनीव्हॅन बघा. मधल्या सीटा गाडीच्या तळातल्या खड्ड्यात दुमडून जातात आणि ४ बाय ८ ची शीट मागचं दार लावून आत सपाट बसते, पावसातही. प्लग-इन हायब्रिड (बाहेरून चार्ज होणाऱ्या) पॅसिफिकात मात्र त्या खड्ड्यात बॅटरी आहे, मधल्या सीटा उचलूनच काढाव्या लागतात. विकत घेताना ही गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही.

मॅव्हरिक घ्यायचीच तर एक्सएल हायब्रिड, पुढच्या चाकांवर चालणारी, पोलादी चाकांची. बर्फाचा प्रदेश किंवा दोन हजार पौंडांवरचा ट्रेलर असेल तर २०२५ किंवा त्यानंतरची ऑल व्हील ड्राइव्ह, कारखान्यातून चार हजारी पॅकेज बसवलेली. लॅरिएट किंवा ट्रेमर हे महागडे प्रकार घेऊन ४० हजारांकडे जायचं कारण दिसत नाही. हौदा तोच साडेचार फुटांचा, आणि दाराच्या स्टिकरवरचा पेलोडचा आकडा उलट कमी. ताबा घेण्याआधी तो आकडा वाचा, फाळका अर्ध्यावर थांबवून उंचवट्यांशी पातळी जुळते का बघा, आणि मागच्या कोपऱ्यांतल्या दोन वायरींत वीज येते का ते साध्या टेस्टरने तपासा.